अंड्यातील अमिनो आम्ले आणि आच : एका मोजमापाचा इतिहास

पुण्याहून सोलापूरकडे जाणारा रस्ता हडपसर मागे टाकून लोणी काळभोरला पोचतो. अशा रस्त्याच्या कडेला उभ्या असणाऱ्या अंडाभुर्जीच्या गाडीवर एकच वस्तू चार रूपांत मिळते : उकडलेले अंडे, आम्लेट, भुर्जी आणि हाफ फ्राय. पाचवे रूप गाडीवर मिळत नाही. ते तालमीत आणि अलीकडे व्यायामशाळेत आढळते. दुधात फोडून घातलेले कच्चे अंडे हे अंग कमावणाऱ्या तरुणाचे खरे अन्न होय, शिजविले की त्यातील सत्त्व जाते, अशी समजूत अजूनही पुरती मावळलेली नाही. याच गावच्या राजबागेत, जी एकेकाळी राज कपूर यांची शेतवाडी होती, आता विद्यापीठाच्या आवारात अन्नतंत्रज्ञान शिकविले जाते. गाडीवाला, पहिलवान आणि प्रयोगशाळेतील विद्यार्थी या तिघांपुढेही ठेवता येईल असा प्रश्न एकच आहे : कोणत्या रीतीने शिजविलेल्या अंड्यात अमिनो आम्ले अधिक असतात? प्रश्न साधा दिसतो. गेल्या दोनशे वर्षांत त्याला जी उत्तरे मिळाली, ती मात्र बहुतांशी वेगळ्याच प्रश्नांची उत्तरे होती.

पहिले प्रायोगिक उत्तर अमेरिकेतील एका लष्करी शल्यवैद्याने दिले. १८२२ मध्ये अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या एका तरुणाच्या पोटात बंदुकीचा बार घुसला. तो वाचला, परंतु जठराला पडलेले छिद्र कधीच बुजले नाही. विल्यम बोमाँट याने त्या छिद्रातून वर्षानुवर्षे निरनिराळे पदार्थ आत सोडून ते केव्हा विरघळतात हे घड्याळ लावून पाहिले आणि १८३३ मध्ये आपली कोष्टके प्रसिद्ध केली. त्यांत फेटलेल्या कच्च्या अंड्याला दीड तास, नुसत्या कच्च्याला दोन तास, अर्धवट उकडलेल्याला तीन तास आणि घट्ट उकडलेल्या व तळलेल्या अंड्याला साडेतीन तास लागल्याची नोंद आहे. कच्चे अंडे 'हलके' आणि उकडलेले 'जड' या समजुतीला शास्त्राचा पाठिंबा मिळाला तो येथून. बोमाँटच्या निरीक्षणात खोट नव्हती. खोट होती ती त्यावरून काढलेल्या अनुमानात. पदार्थ जठरातून लवकर बाहेर पडला याचा अर्थ तो अंगी लागला असा होत नाही. प्रथिनांचे खरे शोषण जठराच्या पुढे लहान आतड्यात होते, आणि तेथे डोकावण्यास सेंट मार्टिनचे छिद्र उपयोगी नव्हते.

त्यानंतर पाच वर्षांनी, १८३८ मध्ये, डच रसायनज्ञ मुल्डर याने अंड्याचा पांढरा भाग, दूध, रक्त इत्यादींत सापडणाऱ्या नत्रयुक्त द्रव्यास बर्झेलियसच्या सूचनेवरून 'प्रोटीन' हे नाव दिले. ग्रीक भाषेतील 'पहिला' या अर्थाच्या शब्दावरून ते बनविले होते. मराठीने 'प्रथिन' हा शब्द स्वीकारताना ध्वनी तर राखलाच, शिवाय 'प्रथम' या शब्दाची छायाही त्यात सहज उतरली. परिभाषा घडविताना असा दुहेरी लाभ क्वचितच होतो. (अंड्याच्या पिवळ्या भागाला मराठीत 'बलक' हे स्वतंत्र नाम आहे, पण पांढऱ्या भागाचे काम बोलीत विशेषणावरच भागते. प्रथिनशास्त्राचा इतिहास मात्र मुख्यत्वे या बिननावाच्या भागाचा इतिहास आहे.)

प्रथिने ज्या विटांनी रचलेली असतात त्या अमिनो आम्लांची ओळख हळूहळू होत गेली. १८१० मध्ये वोलास्टनला मूतखड्यात सिस्टीन सापडले, तर १९३५ मध्ये अमेरिकेत रोझने थ्रिओनीनचा शोध लावला. या दोन टोकांमध्ये सव्वाशे वर्षे गेली. केंब्रिजमध्ये फ्रेडरिक गोलंड हॉपकिन्स यांनी अंड्यातील अल्ब्युमिन स्फटिकरूपात मिळविण्याच्या रीतीवर काम केले आणि १९०१ मध्ये कोल यांच्या साहाय्याने ट्रिप्टोफॅन वेगळे केले. हॉपकिन्स यांनी उभारलेल्या त्याच जीवरसायन विभागात पुढे कमला सोहोनी यांनी संशोधन केले आणि १९३९ मध्ये डॉक्टरेट मिळविली. मुंबईच्या विज्ञान संस्थेत परतल्यानंतर त्यांच्या अभ्यासाचा एक मोठा भाग कडधान्यांतील प्रथिने व त्यांच्या पचनास अडथळा आणणारे घटक यांचा होता. पदार्थात काय आहे आणि त्यातले शरीराला काय मिळते, हे दोन प्रश्न भिन्न असल्याची जाण त्या संशोधनाच्या मुळाशी आहे, आणि अंड्याच्या बाबतीत नेमकी तीच जाण उशिरा आली.

उशीर होण्याचे कारण मोजण्याच्या पद्धतीत दडलेले आहे. अमिनो आम्ले मोजावयाची तर प्रथिनाची साखळी आधी तोडावी लागते. त्यासाठी नमुना तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात सुमारे ११० अंश सेल्सिअसला चोवीस तास ठेवण्याची रीत रूढ आहे. सुटी झालेली आम्ले मग वेगळी करून मोजतात. १९५८ मध्ये स्पॅकमन, स्टाइन व मूर यांनी हे काम यंत्राकडे सोपविले. यातील विनोद सहसा लक्षात येत नाही. परीक्षेसाठी आणलेले अंडे कच्चे असो, उकडलेले असो वा तव्यावर परतलेले असो, प्रयोगशाळा त्याला स्वतःच्या आम्लात चोवीस तास शिजविते. स्वयंपाकघरात झालेला फरक या दुसऱ्या स्वयंपाकापुढे टिकत नाही. ट्रिप्टोफॅन तर या आम्लात नष्टच होते, म्हणून ते वेगळ्या रीतीने मोजावे लागते.

साहजिकच कोष्टकांतील आकडे जवळजवळ सारखे येतात. अमेरिकी कृषी खात्याच्या कोष्टकांत १०० ग्रॅम कच्च्या अंड्यात लायसीन ०.९१२ ग्रॅम आणि मेथिओनीन ०.३८० ग्रॅम आहे. घट्ट उकडलेल्यात अनुक्रमे ०.९०४ आणि ०.३९२ ग्रॅम. तळलेल्या अंड्यात मात्र एकूण प्रथिन १२.६ वरून १३.६ ग्रॅमवर गेलेले दिसते आणि दूध घालून परतलेल्या अंड्यात ते १० ग्रॅमवर येते. हे आकडे पाहून तळलेले अंडे पौष्टिक आणि परतलेले निकृष्ट असा निष्कर्ष काढणारे वाचक आढळतात. वस्तुतः तव्यावर पाणी उडून जाते आणि ५० ग्रॅमचे अंडे ४६ ग्रॅमचे होते. दुसऱ्या प्रकारात दुधाचे पाणी मिसळते. एका अंड्यामागे हिशेब केला तर कच्च्यात ६.२८ ग्रॅम आणि तळलेल्यात ६.२६ ग्रॅम प्रथिन भरते. फरक पाण्याचा आहे, प्रथिनाचा नव्हे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटक कोष्टकांत कच्चे अंडे, उकडलेले अंडे व आम्लेट यांच्या नोंदी स्वतंत्र आहेत. त्यांची तुलना करणाऱ्यानेही ही पाण्याची बाब प्रथम ध्यानात घ्यावी हे बरे.

मग आचेने बदलते ते काय? १९१० च्या सुमारास हॅरिएट चिक व मार्टिन यांनी उष्णतेने प्रथिने साकळण्याच्या क्रियेचा पद्धतशीर अभ्यास केला. १९३१ मध्ये पेकिंगमधील ह्सिएन वू यांनी असे प्रतिपादन केले की, साकळताना प्रथिनाची साखळी तुटत नाही, तिची घट्ट घडी उलगडते. मिर्स्की व पॉलिंग यांनी १९३६ मध्ये याच दिशेने अधिक विवेचन केले. अंड्याचा पांढरा भाग साधारण ६० ते ६५ अंशांना घट्ट होऊ लागतो आणि बलक त्याहून किंचित अधिक उष्णतेला. विटा त्याच राहतात, भिंत मोकळी होते. पाचकरसाला शिरकाव मिळतो तो या मोकळ्या जागेतून.

कच्च्या पांढऱ्या भागाची दुसरी बाजूही याच काळात उघड होत होती. १९१६ मध्ये बेटमन याने दाखविले की, तो कुत्र्यांना नीट पचत नाही व त्याने अतिसार होतो, पण तापविल्यानंतर तोच भाग उत्तम पचतो. १९२७ मध्ये मार्गारेट बोआस हिने कच्च्या पांढऱ्या भागावर वाढविलेल्या उंदरांचे केस गळताना व कातडी खराब होताना पाहिली. त्याचा उलगडा १९४० च्या सुमारास झाला : त्यात ॲव्हिडिन नावाचे प्रथिन असून ते बायोटिन या जीवनसत्त्वाला घट्ट पकडून ठेवते, आणि शिजविल्याने त्याची पकड सुटते.

माणसाच्या बाबतीत निर्णायक मोजमाप होण्यास १९९८ साल उजाडावे लागले. बेल्जममधील ल्यूव्हेन येथील एव्हेनपूल व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबड्यांना खुणेचे अणू असलेले अमिनो आम्ल खाऊ घालून खुणेची अंडी मिळविली. ज्यांच्या लहान आतड्याचे टोक शस्त्रक्रियेने पोटावर आणलेले होते अशा रुग्णांना ती अंडी कच्ची व शिजवून देण्यात आली आणि आतड्याच्या शेवटी किती प्रथिन शिल्लक उरते हे मोजले गेले. शिजविलेल्या अंड्याचे सुमारे ९१ टक्के प्रथिन शोषले गेले. कच्च्याचे ५१ टक्के. बोमाँटच्या कोष्टकाचा क्रम येथे उलटला. दुधात कच्ची अंडी फोडून पिणाऱ्या तरुणाच्या चार अंड्यांपैकी जवळजवळ दोन, अमिनो आम्लांच्या दृष्टीने, त्याच्या कामी येत नाहीत. कच्च्या अंड्यातून साल्मोनेलाची बाधा होऊ शकते ती वेगळीच.

अतिरेकी आचेची बाजूही नोंदविली पाहिजे. साखरेच्या सान्निध्यात प्रथिने फार तापविली तर माय्यारने १९१२ मध्ये वर्णिलेली तपकिरी रंगाची क्रिया घडते आणि तिच्यात लायसीन अडकून पडते. अंड्याच्या पांढऱ्या भागाची भुकटी करताना त्यातील ग्लुकोज आधी काढून टाकतात ते याच कारणाने. फार वेळ उकडलेल्या अंड्याच्या बलकाभोवतीची हिरवट कड ही गंधक व लोह यांच्या संयोगाची असते. तिने अन्नमूल्याची म्हणण्यासारखी हानी होत नाही. घरगुती उकडणे, आम्लेट व भुर्जी यांत अमिनो आम्लांच्या दृष्टीने निवड करण्याजोगे फारसे काही उरत नाही.

संस्कृतात 'पच्' हा एकच धातू चुलीवर शिजण्यासाठीही आहे आणि पोटात जिरण्यासाठीही. पाक, पक्व, पचन आणि मराठीतील 'पचणे' हे सारे त्याचेच गोत्र. जठराग्नी ही कल्पना त्याच दृष्टीतून आलेली. दोन क्रियांना एक शब्द वापरणे हे परिभाषेच्या दृष्टीने दोषास्पद मानले जाईल. परंतु अंड्याच्या बाबतीत शिजणे ही पचण्याची पहिली पायरी असल्याचे ल्यूव्हेनच्या आकड्यांनी सांगितले, आणि कोष्टकांना ते सांगता आले नव्हते.

महाराष्ट्राशी या इतिहासाचा खरा संबंध येतो तो मात्र निराळ्या वळणावर. १९४६ मध्ये मिचेल व ब्लॉक यांनी इतर प्रथिनांची प्रत ठरविण्यासाठी अंड्याचे प्रथिन ही मोजपट्टी मानली, आणि १९६५ च्या सुमारास जागतिक अन्न व आरोग्य संघटनांच्या तज्ज्ञांनीही अंड्याला संदर्भाचे स्थान दिले. डाळ-भाकरीचे मोजमाप अंड्याच्या पट्टीने होऊ लागले, तेव्हा गरीब देशांत प्रथिनांचे दुर्भिक्ष आहे असा निष्कर्ष निघणे अपरिहार्य होते. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी येऊ घातलेल्या 'प्रथिन-संकटा'चा इशारा दिला. या विचाराला ज्यांनी आव्हान दिले त्यांत पां. वा. सुखात्मे हे प्रमुख होत. साताऱ्याकडील बुध या गावचे सुखात्मे १९५१ पासून जवळजवळ दोन दशके रोम येथे अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते; नंतर त्यांनी पुण्यात काम केले. भारतात ज्यांना प्रथिन कमी पडते त्यांना बहुधा एकूण अन्नच कमी पडते, आणि अन्न अपुरे असताना शरीर अमिनो आम्ले इंधन म्हणून जाळते, हा त्यांचा मुद्दा होता. अशा माणसाला वेगळे प्रथिन देणे म्हणजे सागवानाने चूल पेटविणे. १९७३ च्या आंतरराष्ट्रीय अहवालात प्रथिनांची गरज खाली आणली गेली आणि मोजपट्टी म्हणून अंडे जाऊन तेथे मानवी गरजेचा आकृतिबंध आला. भुकेच्या मोजमापाविषयीचे सुखात्म्यांचे पुढचे विवेचन वि. म. दांडेकरांना मान्य झाले नाही, आणि तो वाद पुण्यातच दीर्घकाळ गाजला.

तथापि सुखात्म्यांचा विजय पूर्ण नव्हता. प्रौढाची लायसीनची दैनिक गरज १९८५ च्या अहवालात वजनाच्या दर किलोमागे १२ मिलिग्रॅम होती. २००७ मध्ये ती ३० धरण्यात आली. ज्वारीच्या प्रथिनात लायसीनचे प्रमाण अंड्यातील प्रमाणाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असते. भाकरीने पोट भरले तरी हे एक आम्ल तोकडे पडू शकते, असा नव्या आकड्यांचा अर्थ होतो. २०१३ मध्ये प्रत्येक अमिनो आम्लाची आतड्याच्या शेवटी मोजलेली पचनीयता हीच प्रतीची कसोटी असावी असे ठरले. २०१८ मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी भारतीय प्रौढांत उकडलेल्या अंड्याची अशी पचनीयता सुमारे ८९ टक्के असल्याचे दाखविले.

लोणी काळभोरच्या पुढे त्याच रस्त्यावर उरुळी कांचन आहे. तेथे १९४६ मध्ये गांधीजींनी निसर्गोपचाराचे काम सुरू केले. त्याच्या आधी, पुण्याच्या आगाखान महालात बंदिवासात असताना आरोग्यावर लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी असे मत मांडले होते की, ज्याला दूध चालते त्याला फलन न झालेल्या अंड्याविषयी हरकत असण्याचे कारण नाही. आज बाजारात येणारी अंडी बहुतेक याच प्रकारची असतात. तरीही हरकत उरली. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचे ठरविले, तेव्हा उकडलेले अंडे, अंडा पुलाव वा बिर्याणी असे शिजविण्याचे प्रकार आदेशात नमूद केले आणि अंडे न खाणाऱ्या मुलांसाठी केळ्याची सोय केली. आदेशातील सर्व प्रकार शिजविलेल्या अंड्याचे होते, आणि मुलांच्या ताटात अंड्याच्या शेजारी भात होता. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांसाठीचा राज्याचा स्वतंत्र निधी बंद झाला आणि अंडी द्यावयाची तर लोकसहभागातून द्यावीत असे शाळांना कळविण्यात आले.