कुलपाच्या आतले पहारेकरी

आमच्या मोडनिंब भागात कोणी विचित्र वागू लागला की, ‘याला येरवड्याला धाडा’ असे म्हणतात. येरवडा म्हणजे तुरुंग की वेड्यांचे इस्पितळ, हे बोलणारा सांगत नाही आणि ऐकणाराही विचारत नाही. ही केवळ बोलीतली गफलत आहे असे मला वाटत नाही. सरकारी कारभारातही ही दोन दारे बराच काळ शेजारी-शेजारीच होती.

१८५८च्या कायद्यानंतर हिंदुस्थानात वेड्यांची इस्पितळे वाढू लागली. आजच्या महाराष्ट्रातले नागपूरचे १८६४चे, रत्नागिरीचे १८८६चे, ठाण्याचे १९०१चे, येरवड्याचे त्यानंतरचे. १९१२च्या कायद्याने मॅजिस्ट्रेटच्या हुकमावरून रोग्याला तेथे पोचवले जाई. आमच्याकडून रस्ता म्हणजे बार्शी लाइटच्या गाडीने कुर्डुवाडी आणि पुढे मोठ्या गाडीने पुणे. रोगी सोपवला की पोलीस पावती घेऊन परत फिरत. परिचर मात्र तेथेच राही.

या परिचराचा इतिहास फारसा कोणी लिहिलेला नाही. डॉक्टरांचे अहवाल सापडतात, इमारतींचे नकाशे सापडतात. पण रोग्यांना आंघोळ घालणारा, भरवणारा, मोजणारा, मारामारी सोडवणारा माणूस कागदावर फारसा दिसत नाही. दिसतो तो बहुधा रोगी पळाल्यावर, जबाब देताना. रोगी बरा झाला तर त्याचे नाव कशाला येईल?

१९४६च्या भोर समितीने या व्यवस्थेचे मोजमाप केले. इंग्लंडात सुमारे ३०० लोकांमागे मनोरुग्णांसाठी एक खाट, आपल्याकडे सुमारे ४०,००० लोकांमागे एक. बहुतेक इमारती उपचारासाठी नव्हे, तर डांबून ठेवण्यासाठी बांधल्या आहेत, असाही निष्कर्ष निघाला. कोंडणाऱ्या इमारतीत नोकरी करणाराही निम्मा कोंडलेलाच असतो, ही त्या आकड्यांची दुसरी बाजू.

या थकव्याला नाव मिळाले फार उशिरा. १९७४ साली हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी ‘बर्नआउट’ हा शब्द वापरला तो न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यात राबणाऱ्यांसाठी. त्यांत ते स्वतःही होते. म्हणजे हा शब्द जन्मला सेवा करणाऱ्यांमध्येच. संगणक कंपन्यांनी तो नंतर उचलला. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याची तीन लक्षणे नोंदवली: शक्ती संपणे, कामापासून मन तुटणे, आपल्या हातून काही होत नाही असे वाटणे. त्याला आजार मात्र म्हटले नाही. ती कामाच्या ठिकाणाशी जोडलेली स्थिती मानली. हा भेद मला महत्त्वाचा वाटतो.

आमच्या तालुक्यातले एक गृहस्थ एका मनोरुग्णालयात कक्षसेवक होते. सुरुवातीला त्यांना प्रत्येक रोग्याचे गाव पाठ असे. पुढे रात्रपाळीत दोन कक्षांना मिळून एकच माणूस उरू लागला, तशी गावे विसरली आणि फक्त शिरगणती उरली. आपण निर्दय झालो, असे ते स्वतःबद्दल म्हणतात. मला त्यात निर्दयपणा दिसत नाही, दुसरे लक्षण दिसते. अशा माणसाला ध्यानाचे शिबिर देऊन काय साधणार? त्याला हवा असतो पाळीवर दुसरा माणूस.

२०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने नेमका याच प्रश्नाला हात घातला. लोकसंख्येच्या प्रमाणात मानसिक आरोग्य क्षेत्रातली तज्ज्ञ माणसे आंतरराष्ट्रीय निकषांपर्यंत नेण्याचा प्रयत्न सरकारने दहा वर्षांत करावा, असे त्यात म्हटले आहे. कायदा लागू झाला २९ मे २०१८ रोजी. मुदत २०२८च्या मे महिन्यात संपते.