बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या मुलांचे शिक्षण

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या मुलांचे शिक्षण हा महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण धोरणातील हंगामी स्थलांतराशी निगडित प्रश्न आहे. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम आणि शाळेचे दुसरे सत्र साधारणपणे एकाच काळात येते. त्यामुळे आई-वडिलांसोबत गेलेल्या मुलांच्या शिक्षणात दरवर्षी खंड पडतो. तो टाळण्यासाठी मुलांना गावीच ठेवणे आणि शाळा मुलांपर्यंत नेणे असे दोन मार्ग अवलंबले गेले आहेत.

पार्श्वभूमी

बीड हा मराठवाड्यातील अवर्षणप्रवण जिल्हा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची साक्षरता सुमारे ७७ टक्के, तर राज्याची सुमारे ८२ टक्के होती. दिवाळीच्या सुमारास येथील कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. पती-पत्नीच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात व मजुरीचा हिशेब त्यावरच होतो. दोघेही फडात असल्याने कोपीवर धाकट्या भावंडांना सांभाळण्याचे काम बहुधा थोरल्या मुलीकडे येते.

परिणाम

दुसऱ्या सत्रातील अध्यापन बुडाल्याने मूल पुढच्या इयत्तेत मागे पडते आणि काही वर्षांत शाळा सोडण्याची शक्यता वाढते. मुलींबाबत हा प्रश्न बालविवाहाशी जोडलेला आहे. किशोरवयीन मुलीला गावी एकटे ठेवण्याची पालकांना वाटणारी भीती आणि लग्नानंतर तयार होणारा नवा कोयता, ही त्याची कारणे मानली जातात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार जिल्ह्यातील २० ते २४ वयोगटातील ४३.७ टक्के स्त्रियांचा विवाह १८ वर्षे पूर्ण होण्यापूर्वी झाला होता.

उपाययोजना

साखरशाळा : कारखान्याच्या परिसरात हंगामापुरत्या चालवलेल्या या शाळांमध्ये ‘जनार्थ’सारख्या स्वयंसेवी संस्थांचा सहभाग होता. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ लागू झाल्यावर मुलांना नियमित शाळेत दाखल करण्यावर भर आला. स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळवून देणे हे या कायद्याने स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य ठरवले.

हंगामी वसतिगृहे : सर्व शिक्षा अभियान व नंतर समग्र शिक्षा योजनेतून ही वसतिगृहे मूळ गावी चालवली जातात. त्यांचे व्यवस्थापन शाळा व्यवस्थापन समितीकडे असते.

शिक्षण हमी कार्ड : गाव सोडताना मुलास हे कार्ड दिले जाते. ते दाखवून नव्या ठिकाणच्या शाळेत बसता यावे, हा त्यामागील हेतू आहे.

संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना : राज्य मंत्रिमंडळाने २०२१ मध्ये ४१ तालुक्यांसाठी मुला-मुलींची मिळून ८२ वसतिगृहे मंजूर केली. पहिल्या टप्प्यात बीड जिल्ह्यातील तालुक्यांचा समावेश होता.

मर्यादा

हंगामी वसतिगृह स्थलांतरानंतर सुरू झाल्यास मुले आधीच गाव सोडून गेलेली असतात. अनेक ठिकाणी मुलांना केवळ दोन वेळचे जेवण मिळते व रात्री ती आजी-आजोबांकडे राहतात. ज्यांच्या घरी असे कोणी नसते, त्यांना या सोयीचा उपयोग होत नाही. दुसरीकडे, टोळी एका फडातून दुसऱ्या फडात जात असल्याने कारखान्याजवळच्या शाळेतील उपस्थिती टिकत नाही. कर्नाटकात कन्नड माध्यमाची अडचण येते. सहा वर्षांखालील बालके वसतिगृहांच्या कक्षेबाहेरच राहतात. त्यांना सांभाळण्याची सोय तळावर नसेल, तर थोरल्या बहिणीलाही शाळा सोडून सोबत जावे लागते.