बिजवर काउबॉय

अमेरिकेतील सुपरमार्केटांत फडताळावर ज्या स्वस्त प्रेमकादंबऱ्या रचून ठेवलेल्या असतात, त्यांतील काउबॉयच्या कादंबऱ्यांचा एक साचा ठरलेला आहे. रँचचा मालक विधुर असतो आणि पत्नीच्या निधनानंतर अबोल झालेला असतो. दूरच्या शहरातून एक स्त्री त्याचे घर सांभाळायला येते. तिच्याही मागे एक दुःख असते, पुष्कळदा कडेवर मूलही असते. मग बर्फाचे वादळ येते, रस्ते बंद होतात, आणि अडीचशे पानांच्या आत दोघांचा दुसरा संसार सुरू होतो. समीक्षकांनी या साच्याला दिवास्वप्न म्हणून केव्हाच निकालात काढले आहे. आम्हीही काढले होते. वायोमिंगमधील एका बाईंची पत्रे वाचल्यावर मात्र हा निकाल आम्हाला थोडा मागे घ्यावा लागला.

प्रथम काउबॉयविषयी. ‘गुराखी’ म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे काठी आणि घोंगडी येते; ‘काउबॉय’ म्हटले की पिस्तूल. वस्तुतः तोही गुराखीच होता. १८६७ मध्ये कॅन्ससमधील ॲबिलीन येथे गुरांचा बाजार उभा राहिला, आणि टेक्ससमधून शेकडो मैल कळप हाकत नेण्यासाठी महिना ३०-४० डॉलरवर राबणारी, बहुतेक अविवाहित अशी तरुण पोरे लागू लागली. काटेरी तारेची कुंपणे आणि १८८६-८७ चा भीषण हिवाळा यांनी ते युग संपवले. ते संपल्यावर मग त्याचे महाकाव्य लिहिले गेले.

ओवेन विस्टर यांच्या ‘द व्हर्जिनियन’ने (१९०२) या महाकाव्याला कादंबरीचे रूप दिले. झेन ग्रे यांच्या ‘रायडर्स ऑफ द पर्पल सेज’मध्ये (१९१२) लॅसिटर बहिणीच्या सर्वनाशाचा माग काढत हिंडतो. जॅक शेफर यांचा शेन (१९४९) तर परक्याच्या घराची ऊब अनुभवून निघूनच जातो. वेस्टर्नमध्ये गेलेल्या माणसासाठी रडायचे नसते, त्याचा सूड उगवायचा असतो. दुःख तेथे नायकाला घोड्यावर बसवते. घोड्यावरून उतरवून चुलीपाशी नेत नाही. हे उतरवण्याचे काम पुढे प्रेमकादंबरीने केले. हार्लेक्विनने स्वीकारलेली पहिली अमेरिकी लेखिका म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जॅनेट डेली यांची पहिली कादंबरी १९७४ मध्ये आली, तीही टेक्ससमधील रँचवर घडणारी. आज या शाखेचा विस्तार एवढा आहे की त्याची मोजदाद करण्याच्या भानगडीत आम्ही पडत नाही.

परंतु विधुर रँचमालक आणि घर सांभाळायला आलेली स्त्री ही जोडी फडताळावर जन्मलेली नाही. एलिनोर प्रुइट ही डेन्व्हरमध्ये लोकांकडे धुणी-सफाईची कामे करणारी स्त्री. १९०९ च्या वसंतात लहानग्या जेरीनला घेऊन ती क्लाइड स्ट्युअर्ट या स्कॉटिश वंशाच्या विधुर रँचमालकाचे घर सांभाळायला वायोमिंगला निघाली. चोवीस तास आगगाडी, पुढे दोन दिवस घोडागाडी. रेल्वेपासून रँच साठ मैल दूर. सहा आठवड्यांत दोघांचे लग्न झाले. रँचवरील कामाचे दिवस असल्याने आधी लग्न आणि प्रेमाराधन सवडीने, असे दोघांनी ठरवले होते. लग्नाच्या दिवशी वादळी वारा आणि बर्फ. नव्या सुंदर बुटांनी पाय चावत होते म्हणून कामाच्या गडबडीत तिने जुने झिजके बूट चढवले होते. लग्न लावणारे पाहुणे गारठून दारात आले, त्यांना आधी शेकोटीपाशी नेण्याच्या घाईत ती बूट बदलायला विसरली, आणि अंगावरचा एप्रन काढायलाही.

मराठीत अशा नवऱ्याला ‘बिजवर’ म्हणतात. या शब्दाला शृंगाराचा नव्हे, सोयरिकीच्या हिशेबाचा वास आहे. पण येथे तो अगदी चपखल बसतो. प्रेम मात्र नंतर खरोखरच आले. दोघांचे पहिले अपत्य तान्हेपणीच दगावले. जवळपास डॉक्टर नाही, पाद्री नाही. बापाने स्वतः लाकूड तासून छोटी शवपेटी केली, आईने तिला आतून मऊ अस्तर लावले, आणि बायबलमधील एक अध्याय वाचून अंत्यविधी उरकला. तीस मैलांच्या परिसरातील शेजारी जमले होते. अनुरागाचे याहून खात्रीचे चित्र आम्हाला कोणत्याही प्रेमकादंबरीत आढळलेले नाही.

ही पत्रे डेन्व्हरच्या पूर्वीच्या मालकीणबाई श्रीमती कोनी यांना लिहिलेली. ‘अटलांटिक मंथली’त ती छापली गेली आणि १९१४ मध्ये ‘लेटर्स ऑफ अ वुमन होमस्टेडर’ या नावाने पुस्तकरूपाने आली. प्रारंभी प्रकाशकाने सांगितले की लेखिकेचा पहिला पती रेल्वे-अपघातात वारला. पुढे संशोधकांनी कागदपत्रे चाळली, तेव्हा तो वारला नव्हता, त्यांचा घटस्फोट झाला होता, असे निघाले. कायद्यासाठी या बनावाची गरज नव्हती. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने विधवा, अविवाहिता आणि घटस्फोटिता तिघींनाही १६० एकरांवर हक्क सांगता येत असे. गरज होती ती वाचकांसाठी. विधवेचे दुसरे प्रेम लोक कौतुकाने वाचतात, घटस्फोटितेचे वाचताना भुवया उंचावतात, हे तिला पक्के ठाऊक असावे. तिला दोष द्यावासा आम्हाला वाटत नाही. त्या काळी एकट्या आईला अब्रू टिकवायची, तर जिवंत नवऱ्याला कागदावर मारण्याचा मार्ग सर्वांत सोपा होता.

दुसरी गोष्ट अधिक बोचते. नवऱ्याबरोबर राहणाऱ्या स्त्रीला स्वतंत्र होमस्टेड मिळणे कायद्याने दुरापास्त होते. एलिनोरने हक्काचा अर्ज लग्नाच्या थोडेच दिवस आधी दाखल केला. तिचे घर तिच्या जमिनीवर, नवऱ्याचे त्याच्या जमिनीवर, आणि दोन्ही एकमेकांना जोडून, अशी युक्ती केली. मालकिणीपासून लग्नाची बातमीही तिने बराच काळ लपवून ठेवली होती. शेवटी १९१२ मध्ये तिने आपला हक्क सोडला आणि जमीन सासूच्या नावे गेली. त्यानंतर दोनच वर्षांनी पुस्तक आले. शहरात लोकांची धुणी धुऊन खंगणाऱ्या बायांनी तेवढ्याच कष्टांत स्वतःची जमीन करावी, असे त्यात तिने कळकळीने लिहिले आहे. जमीन हातून गेल्याचा उल्लेख त्यात नाही.