चिकाचा गुण आणि चिकाचा दोष

पाथर्डी-शेवगावकडच्या ऊसतोड कामगारांचे गुडघे हंगामात सुजतात, आणि बांधावरची रुई कुणाला विकत घ्यावी लागत नाही. पान तव्यावर शेकायचे, तेलाचा हात फिरवायचा, बांधायचे. या जुन्या उपायाला आता शास्त्राची पुस्ती जोडली जाते: रुई, पपई, अननस यांच्यात प्रथिने तोडणारी एन्झाइम असतात, ती सूज पचवतात, प्रतिकारपेशींना शांत करतात, आणि झाडाची असल्याने अपाय करत नाहीत. शिकलेली माणसेही हे ठामपणे सांगतात.

पूर्वपक्षाचे बळ आधी मान्य करू. अननसाच्या खोडातले ब्रोमेलेन हे एन्झाइम लिम्फोसाइट या प्रतिकारपेशींच्या पृष्ठभागावरचे सीडी४४सारखे रेणू छाटते. अशाच रेणूंच्या आधाराने पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून सुजेच्या जागी उतरतात. आधार तुटला की तिकडची गर्दी ओसरू शकते. ‘पोटात गेले की पचून संपते’ हा आक्षेपही पुरता टिकत नाही. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तोंडावाटे दिलेले ब्रोमेलेन रक्तात अखंड सापडले, अत्यल्प का होईना.

पण सुरी कुणाच्या हातात आणि कशावर चालते, यावर सारे ठरते. कच्च्या पपईच्या चिकातले पपेन घ्या. 1959 मध्ये रॉडनी पोर्टर यांनी पपेननेच प्रतिपिंडाचे तुकडे पाडले. त्यातून त्याची रचना उलगडली आणि 1972 चे नोबेल जेराल्ड एडेलमन यांच्यासह त्यांना मिळाले. जे प्रतिपिंड कापते, ते आपल्या पेशींमधले सांधेही कापते. पपेनची भुकटी श्वासातून गेलेल्या कामगारांना दमा जडल्याच्या नोंदी आहेत. उंदरांच्या फुप्फुसात ॲलर्जीचा दाह मुद्दाम उठवायला प्रयोगशाळा आज पपेनच वापरतात: इजा झालेल्या पेशी धोक्याचे संदेश सोडतात आणि प्रतिकारपेशी चवताळतात. शामक म्हणून ज्याची ख्याती, ते इथे दाहाचे कारण ठरते.

रुईचे तर याहून उघड आहे. तिचा कच्चा चीक उंदराच्या पंजात टोचला की सूज येते, आणि सूज उतरवणारी औषधे त्या सुजेवर तपासली जातात. त्याच चिकातली वेगळी काढलेली प्रथिने शिरेतून दिली तर मात्र प्राण्यांमधली सूज कमी होते. कोणता अंश, कोणत्या वाटेने, किती, हे सांगितल्याशिवाय ‘रुई सूज उतरवते’ या वाक्याला अर्थ नाही. शेकलेल्या पानाने बरे वाटते त्यात उबेचा वाटा मोठा असावा, असे माझे मत आहे.

माणसांवरचा पुरावाही हेच सांगतो. गुडघ्याच्या संधिवातावर 12 आठवडे ब्रोमेलेन देऊन पाहिलेल्या, 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत ते नकली गोळीपेक्षा सरस ठरले नाही. उलट, भाजलेल्या जखमेवरची मृत त्वचा काढण्यासाठी ब्रोमेलेनयुक्त औषधाला युरोपने 2012 मध्ये मान्यता दिली. तिथे मात्रा मोजलेली, जागा ठरलेली, डॉक्टर समोर. वनस्पतिज एन्झाइमचे खरे सामर्थ्य अशा नेमक्या वापरात आहे, आणि त्याचे मंडन मी मनापासून करतो.

पाथर्डी-शेवगावच्याच जिल्ह्यात राहुरीला कृषी विद्यापीठ आहे, लोणीला प्रवरेचे वैद्यकीय महाविद्यालय, आणि रुई जिल्हाभर. या दोन्ही संस्थांनी मिळून रुईच्या चिकाची तपासणी करावी. तोवर रुईचा चीक डोळ्याजवळ नेऊ नका, त्याने बुबुळाला इजा होते. आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ब्रोमेलेन घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.