पेव, आगगाडी आणि पर्जन्य

दुष्काळ हा केवळ आकाशाचा कोप होय, अशी समजूत आपल्याकडे दुर्गादेवीच्या दुष्काळाच्या आख्यायिकेपासून रूढ आहे. १८७६–७८ च्या दुष्काळाचीं साधनें पाहतां ही समजूत अर्धीच खरी ठरते, असें आमचें मत झालें आहे. पाऊस न पडणें ही एक गोष्ट, व माणूस उपाशी मरणें ही दुसरी. धान्य कोण पिकवितो, तें कोठें सांठतें, कोणत्या वाटेनें जातें व कोणास विकत घेतां येतें, ही सर्व व्यवस्था या दोहोंच्या मध्यें उभी असते. हिलाच आम्ही येथें अन्नव्यवस्था म्हणतों.

प्रथम सांठ्याचा विचार करूं. देशावर ज्वारी पेवांत ठेवण्याची चाल जुनी. कोरड्या, घट्ट जमिनींत खोल खड्डा खणून, आंत कडबा लावून दाणे भरीत व तोंड मातीनें बंद करीत. मोठीं पेवें बहुधा सावकारांचीं व सधन कुणब्यांचीं असत, हें खरें. तथापि सुकाळाचें वर्ष दुकाळाच्या वर्षास जामीन राही, हेंहि तितकेंच खरें.

ही जामीनकी हळूहळू सुटत गेली. सरकारसारा रोख भरावयाचा, म्हणून विकतां येणाऱ्या पिकाकडे ओढा होताच. १८६१–६५ च्या अमेरिकेंतील यादवी युद्धानें कापसाचा भाव चढविला; युद्ध संपतांच तो कोसळला व कर्ज तेवढें उरलें. १८६३ सालीं बोरघाटांतून आगगाडी सुरू झाली, १८७१ सालीं ती रायचूरपर्यंत पोंचली, आणि गांवचा दाणा दूरच्या बाजारभावास बांधला गेला. १८७५ सालीं सुप्यास सावकारांचीं खतपत्रें जाळलीं गेलीं. दुसऱ्याच वर्षीं पाऊस गेला, तेव्हां सामान्य कुणब्यापाशीं दाणाहि नव्हता आणि पतहि नव्हती.

आगगाडीनें धान्य आणलें नाहीं काय? आणलें. परंतु ज्याची मजुरीच बुडाली त्यास तें घेतां येईना. आणि याच काळांत हिंदुस्थानचा गहूं विलायतेस जातच होता. १८७७ सालीं सर रिचर्ड टेंपल यांनीं दुष्काळी कामावरील मजुरास रोजीं एक पौंड धान्य व वर थोडे पैसे पुरेत असें ठरविलें. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्याविरुद्ध सरकारकडे अर्ज केले. या दुष्काळांत ब्रिटिश मुलुखांत ५० लाखांहून अधिक माणसें दगावलीं. १८८० च्या दुष्काळ आयोगानेंहि मान्य केलें कीं, एकंदर देशांत धान्य होतें. लोकांस तें घेण्याचें साधन नव्हतें.

याची उलट बाजू १९७२–७३ च्या महाराष्ट्रांतील अवर्षणांत दिसते. पिकें बुडालीं, परंतु मे १९७३ च्या सुमारास सुमारें ५० लाख मजूर सरकारी कामांवर होते. हाल झाले, १८७७ सारखा संहार मात्र झाला नाहीं. त्या अनुभवांतून पुढें १९७७ चा रोजगार हमीचा कायदा झाला. आभाळ दोन्ही वेळां फिरलें होतें. व्यवस्था निराळी होती.

या इतिहासाचें आज प्रयोजन काय? १८७७ सालीं आघात एकाच दिशेचा होता: हवामान अन्नावर कोसळलें. आतां अन्नहि हवामानावर उलटत आहे. मनुष्यकृत उष्णतावर्धक वायूंपैकीं सुमारें एकतृतीयांश अन्नव्यवस्थेंतून निघतात. शेतासाठीं तोडलेलीं रानें, पाणी सांचलेलीं भातखाचरें, गुरें, रासायनिक खतें, वाहतूक आणि नासून फेंकलेलें अन्न हीं त्यांचीं उगमस्थानें. तेव्हां कोळसा व तेल यांचाच हिशेब करून तापमानवाढ आटोक्यांत येईल हें संभवत नाहीं. २०२३ सालीं दुबई येथील हवामान परिषदेंत शंभराहून अधिक राष्ट्रांनीं शेती व अन्न यांचा अंतर्भाव हवामानविषयक योजनांत करण्याचें मान्य केलें, तें यामुळेंच.

पेवें पुन्हा खणावीं असें आमचें म्हणणें नव्हे. कमी पाण्याचें पीक, जवळचा सांठा व हातास काम, या तीन गोष्टींचा विचार पाऊस जाण्यापूर्वीं झाला पाहिजे, एवढेंच या दुष्काळाच्या कागदपत्रांवरून आम्हांस सांगावयाचें आहे.