गृहाभ्यास, पहिल्या इयत्तेचा

शाळेत नव्याने दाखल झालेल्या मुलाने वर्गात जे शिकले ते घरच्या माणसांच्या सोबतीने पक्के करण्याची रीत. अक्षरओळख, अंकओळख, पाठांतर, गोष्टी व गाणी, हस्ताक्षराचा सराव आणि शाळेत नियमित जाण्याची सवय या गोष्टी तिच्यात येतात. शिक्षकाने लेखी नेमून दिलेला गृहपाठ हा तिचा एक भाग होय. तथापि गृहाभ्यासाची कल्पना त्याहून जुनी व व्यापक आहे. मराठी प्रदेशात या रीतीचे दोन प्रवाह आढळतात. पहिला मौखिक असून त्यास शिकविणाऱ्याच्या साक्षरतेची फारशी गरज नसते. दुसरा पुस्तक, पाटी व वही यांवर अवलंबून असून त्यात घरात वाचता येणारे माणूस असावे लागते. शाळा जसजशी सर्व समाजासाठी खुली होत गेली, तसतसा पहिला प्रवाह क्षीण झाला व दुसरा प्रबळ ठरला. पहिल्या पिढीतील विद्यार्थ्यांच्या अडचणींचे मूळ बऱ्याच अंशी या विसंगतीत आहे.

पूर्वपीठिका : मुलाच्या शिक्षणाचा आरंभ घरी करण्याची प्रथा प्राचीन आहे. चौल संस्कारानंतर लिपी व संख्या शिकवावी, असे कौटिल्याने राजपुत्राच्या शिक्षणासंबंधी सांगितले आहे. पुढे विद्यारंभ किंवा अक्षरस्वीकार हा स्वतंत्र संस्कार रूढ झाला. साधारणपणे पाचव्या वर्षी शुभमुहूर्तावर मुलाचा हात धरून पहिली अक्षरे गिरवून घेत. त्या वेळच्या ‘ॐ नमः सिद्धम्’ या मंगलवचनावरूनच मराठीत ‘ओनामा’ हा शब्द आला. कोणत्याही कार्याच्या प्रारंभास ‘श्रीगणेशा करणे’ म्हणतात, त्यामागेही हाच प्रघात आहे.

ब्रिटिश अंमलापूर्वी व त्याच्या प्रारंभीच्या काळात गावोगावी पंतोजींच्या शाळा असत. त्या देवळात, धर्मशाळेत किंवा एखाद्या घराच्या ओसरीवर भरत. पंतोजीस मोबदला काही अंशी धान्याच्या रूपाने मिळे. फळीवर धूळ किंवा विटकरीचा भुगा पसरून त्यावर काडीने अक्षरे काढीत. या साधनास धूळपाटी व त्यावरील अक्षरांस धुळाक्षरे म्हणत. वळणदार अक्षराचा नमुना म्हणजे कित्ता. ‘कित्ता गिरविणे’ हा वाक्प्रचार याच सरावातून भाषेत रुजला. गणितात पाढ्यांवर मोठा भर असे. पूर्णांकांच्या पाढ्यांबरोबरच पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकी हे अपूर्णांकांचे पाढे मुखोद्गत करावे लागत. औटकी म्हणजे साडेतीनाचा पाढा होय.

परवचा : दिवसा शाळेत घोकलेले संध्याकाळी घरी मोठ्याने म्हणण्याच्या रीतीस परवचा म्हणतात. दिवेलागणीस देवापुढे दिवा लावला, की मुले ओळीने बसून शुभंकरोती, श्लोक व स्तोत्रे म्हणत. त्यानंतर वार, तिथी, महिने व नक्षत्रे यांची नावे आणि शेवटी पाढे येत. वडील मंडळी आपले काम करीत ऐकत आणि चुकल्यास टोकत. थोरली भावंडे पुढे म्हणत व धाकटी त्यांच्या मागून म्हणत. त्यामुळे शाळेत न गेलेल्या मुलाच्याही कानावर पाढे पडत.

परवच्याचा शैक्षणिक गुण त्याच्या नियमितपणात व सामूहिकतेत होता. त्यासाठी वेगळा वेळ, जागा किंवा साहित्य लागत नसे. ऐकून ऐकून पाढे पाठ झालेली आजी स्वतः निरक्षर असली, तरी नातवाची चूक अचूक पकडू शके. त्याचे दोषही स्पष्ट आहेत. पाठांतराला अर्थाची जोड मिळेलच याची खात्री नसे व मुलाच्या शंकेस त्यात जागा नव्हती. शिवाय ही रीत मुख्यतः ज्या जातींत व घरांत शाळेची परंपरा होती तेथेच नांदली. मुली परवचा ऐकत व म्हणत. परंतु शाळेचे दार त्यांस बंद होते. पुण्यात १८४८ मध्ये जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींसाठी शाळा काढली, तेव्हा ही कोंडी फुटण्यास आरंभ झाला.

छापील पुस्तकांचा काळ : मौंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन याच्या कारकीर्दीत मुंबई इलाख्यात शालेय पुस्तके तयार करण्याचे काम संघटितपणे सुरू झाले. १८२२ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने मराठी शाळापुस्तके छापविली. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर सरकारी शिक्षण खाते अस्तित्वात आले व इयत्तावार क्रमिक पुस्तकांची पद्धत स्थिरावली. धूळपाटीच्या जागी दगडी पाटी व लेखणी आली. घरच्या अभ्यासाचे स्वरूपही त्याबरोबर पालटले. ‘म्हणून दाखव’ याच्या जोडीस ‘वाचून दाखव’ व ‘लिहून दाखव’ आले, आणि ते तपासण्यास घरात साक्षर व्यक्ती आवश्यक ठरली.

अशी घरे फार थोडी होती. १९०१ च्या जनगणनेनुसार भारतात साक्षरतेचे प्रमाण शेकडा ५.३५ होते, स्त्रियांमध्ये ते शेकडा एकाहूनही कमी होते. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाकडे झालेल्या दुर्लक्षावर बोट ठेवले व बारा वर्षांपर्यंत ते सक्तीचे करावे, अशी मागणी केली. बडोदे संस्थानात सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ मध्ये आणि कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे पाऊल उचलले. मुलास शाळेत आणणे कायद्याने साधता आले. शाळेनंतरच्या वेळात त्याच्या पाठीशी कोण बसणार, हा प्रश्न कायद्याच्या कक्षेबाहेर राहिला.

परवच्याच्या ऱ्हासास आर्थिक व्यवहारातील बदलही कारणीभूत झाला. सोळा आण्यांचा रुपया व चाळीस शेरांचा मण यांच्या हिशोबात पावकी-दिडकी रोज उपयोगी पडे. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी प्रचारात आली व १९५८ पासून वजनमापांतही दशमान पद्धतीचा टप्प्याटप्प्याने अवलंब झाला. त्यामुळे अपूर्णांकांच्या पाढ्यांची बाजारातील गरज ओसरली. एकत्र कुटुंबांचे विभाजन व शहरातील बदललेली दिनचर्या यांमुळे संध्याकाळची ती बैठकही मोडली.

बालशिक्षणाची चळवळ : मारिया माँटेसरी यांच्या विचारांचा प्रभाव गिजुभाई बधेका यांच्याद्वारे पश्चिम भारतात पसरला. त्यांच्यासमवेत भावनगर येथे काम केलेल्या ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी हे कार्य महाराष्ट्रात आणले. धाक व मारहाण टाळावी, मुलास हाताने करू द्यावे व पालकांनी त्याचा वेग ओळखावा, हा या चळवळीचा आग्रह होता. ताराबाई व अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांनी ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर जिल्हा) बोर्डी येथे १९४५ पासून व पुढे कोसबाड येथे केलेले प्रयोग गृहाभ्यासाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहेत. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या वस्तीतील अंगणात भरवावी, या विचारातून अंगणवाडी आकारास आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरविण्यात आल्या. पाने, बिया, शंख-शिंपले असे परिसरात मिळणारे साहित्य अध्यापनात वापरले गेले. घर व शाळा यांतील अंतर शाळेने आपल्या बाजूने कमी करण्याचा हा प्रयत्न होता.

घर व शाळा यांच्या पद्धतींतील तफावत : पालक स्वतः ज्या पद्धतीने शिकले त्याच पद्धतीने मुलास शिकवू पाहतात. पाठ्यपुस्तके बदलली, की त्यामुळे पेच निर्माण होतो. घरी ‘अ, आ, इ, ई’ या वर्णमालेच्या क्रमाने व बाराखडीने आरंभ होतो. शाळेत मात्र परिचित शब्दांपासून व लिहिण्यास सोप्या अक्षरगटांपासून सुरुवात केली जाते. महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळाची (बालभारती) स्थापना १९६७ मध्ये पुणे येथे झाली. या मंडळाची पुस्तके राज्यभर पोहोचल्यामुळे असा पेच घरोघरी एकाच वेळी जाणवू लागला.

संख्यावाचनाचा वाद हे त्याचे बोलके उदाहरण होय. मराठीत ‘पंचवीस’ या शब्दात एकक आधी व दशक नंतर उच्चारतात. लिहिताना मात्र २५ मध्ये दशक आधी येते. ऐकलेल्या क्रमाने लिहिणारे मूल म्हणून ५२ लिहिते. ‘एकोणतीस’ या शब्दात तर तीस ऐकू येतात, पण लिहावयाचे असतात २९. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात प्रचलित नावांबरोबर ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी रूपे देण्यात आली. गणितज्ञ मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मुलांची अडचण हेच त्याचे कारण दिले. त्यावर वर्तमानपत्रांत व विधिमंडळातही टीका झाली. बाजारात, घरात व आजीच्या तोंडी ‘एकवीस’ असताना शाळेने वेगळे का शिकवावे, हा आक्षेप निराधार नव्हता. तसेच मुलाची अडचणही खरी होती.

गृहपाठाचे ओझे : यशपाल समितीने १९९३ च्या अहवालात प्राथमिक वर्गांना गृहपाठ देऊ नये, मात्र घरच्या परिसरातील शोधक कृतींना वाव असावा, असे सुचविले. केंद्र शासनाच्या २०२० च्या दप्तरविषयक धोरणातही दुसरीपर्यंत गृहपाठ नसावा असे म्हटले आहे. यामागील एक कारण मुलाचे वय हे होय; दुसरे असे, की लेखी गृहपाठ पुष्कळदा पालकांची परीक्षा ठरतो व ज्या घरी मदत नाही तेथील मुलाच्या पदरी शिक्षा येते. गृहपाठ नको याचा अर्थ घरचा सहभाग नको असा मात्र नाही. २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत, अशी तरतूद केली.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील साक्षरता शेकडा ८२.३४ व स्त्रियांची साक्षरता शेकडा ७५.८७ होती, म्हणजे जवळजवळ प्रत्येक चार स्त्रियांपैकी एक निरक्षर होती. वारली, गोंडी, कोरकू किंवा भिली बोलणाऱ्या घरांत शाळेची भाषाच परकी असते. मार्च २०२० नंतर महासाथीमुळे शाळा बंद राहिल्या आणि घर हाच वर्ग झाला, तेव्हा साधने व साक्षरता असलेली घरे आणि नसलेली घरे यांतील दरी उघड झाली. २०२२ मध्ये राज्यात ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान हाती घेण्यात आले. पहिलीत जाणाऱ्या मुलांच्या मातांचे वस्तीनिहाय गट करून, घरातील वस्तूंच्या साहाय्याने करावयाच्या सोप्या कृती त्यांना सुचविण्यात आल्या. आईच्या साक्षरतेवर मुख्य भिस्त न ठेवणारी ही योजना मौखिक परंपरेशी नाते सांगणारी आहे.

स्वरूप व साधने : पहिल्या इयत्तेच्या गृहाभ्यासास अल्प साहित्य पुरते. चिंचोके, खडे किंवा काड्या मोजणे, दहा काड्यांचा गठ्ठा बांधून दशकाची कल्पना देणे, ताटे मांडताना माणसे व वाट्या जुळविणे यांतून संख्याबोध होतो. गोष्ट सांगणे व मुलाकडून ती पुन्हा ऐकणे यामुळे शब्दसंपत्ती व क्रमाचे भान वाढते. दुकानाची पाटी, एसटीवरील गावाचे नाव किंवा पुड्याचा कागद हे वाचनाचे पाठच होत. पीठ चाळताना परातीत बोटाने काढलेले अक्षर हे धुळाक्षराचेच रूप आहे. बोटांचे स्नायू पुरेसे बळकट होण्यापूर्वी पानेच्या पाने लिहून घेणे हितावह नसते. अभ्यासाची बैठक थोड्या वेळाची, पण नेमाची असावी. ‘आज शाळेत काय केलेस?’ असे विचारून मुलाचे बोलणे शेवटपर्यंत ऐकणे निरक्षर पालकासही साधते.

परवच्यातील घोकंपट्टी व सामाजिक संकोच आज स्वीकारता येण्याजोगे नाहीत. मात्र ठरलेली वेळ, घरातील सर्वांची उपस्थिती आणि लक्षपूर्वक ऐकणारा श्रोता ही त्याची तीन अंगे कालबाह्य झालेली नाहीत. वाचता न येणारी आईही मुलाच्या शिक्षणात सहभागी होऊ शकते, हे शाळेने मान्य करून त्यास अनुरूप काम सुचविले, तर पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यास घरीही सोबती लाभतो.