नवी विंडोज, जुना ड्रायव्हर

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि घरांतील व कार्यालयांतील अनेक संगणक विंडोज ११ कडे वळले. अशा बदलानंतर काल संध्याकाळपर्यंत विनातक्रार चालणारा स्कॅनर वा प्रिंटर अचानक मुका होतो आणि तो बिघडला असे समजून भंगारात जातो. बहुतेक वेळा यंत्राला काहीही झालेले नसते. तुटलेला असतो तो संवाद.

ड्रायव्हर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम आणि यंत्र यांच्यामधील दुभाषा. सिस्टिमची रचना बदलली की जुना दुभाषा निरुपयोगी ठरतो. २००७ मध्ये व्हिस्टा बाजारात आली तेव्हा याच कारणाने मोठी ओरड झाली होती. विंडोज ११ केवळ ६४ बिटची असल्याने ३२ बिटचे ड्रायव्हर तिच्यावर चालतच नाहीत.

दोष शोधण्याची जागा म्हणजे 'डिव्हाइस मॅनेजर'. स्टार्ट बटणावर माऊसची उजवी कळ दाबली की तो यादीत दिसतो. तेथे पिवळा त्रिकोण असलेल्या यंत्राच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये क्रमांक दिलेला असतो. २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही; १० म्हणजे यंत्र सुरू होऊ शकले नाही. १२ हा दोन यंत्रांमधील खराखुरा संघर्ष, मात्र तो आता क्वचितच आढळतो. यंत्राचे नावच दिसत नसेल, तर 'डिटेल्स'मधील 'हार्डवेअर आयडीज' पाहावेत. त्यात निर्मात्याचा क्रमांक असतो. इंटेलचा क्रमांक ८०८६ आहे. तिच्या १९७८ च्या प्रसिद्ध चिपचेही हेच नाव!

'रोल बॅक ड्रायव्हर' हे बटण उपलब्ध असेल तर प्रथम ते वापरावे. ते फिकट दिसत असल्यास यंत्र 'अनइन्स्टॉल' करताना ड्रायव्हर काढून टाकण्याच्या चौकटीवरही खूण करावी, संगणक पुन्हा सुरू करावा आणि निर्मात्याच्या संकेतस्थळावरून नेमक्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्यावा. अनेक ड्रायव्हर बदलायचे असल्यास चिपसेटपासून सुरुवात करणे सोयीचे. सर्व ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अद्ययावत करून देणाऱ्या अनोळखी प्रोग्रॅमपासून दूर राहिलेलेच बरे. 'कोअर आयसोलेशन'मधील 'मेमरी इंटिग्रिटी' ही सुरक्षाही काही जुने ड्रायव्हर रोखते. ती बंद करण्यापेक्षा नवा ड्रायव्हर शोधणे शहाणपणाचे.

नेटवर्कचा ड्रायव्हर मात्र सिस्टिम बदलण्यापूर्वीच पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवावा. वायफायच चालत नसेल, तर वायफायचा ड्रायव्हर आणणार कोठून?

काहीच जमले नाही, तर 'रिकव्हरी'तील 'गो बॅक'ने जुन्या विंडोजकडे परतता येते. त्यासाठी सर्वसाधारणपणे १० दिवसांची मुदत असते. जागा मोकळी करण्याच्या घाईत 'विंडोज डॉट ओल्ड' हा फोल्डर पुसला, तर मात्र तोही मार्ग बंद होतो. निर्मात्याने वाऱ्यावर सोडलेले कित्येक जुने स्कॅनर लिनक्सवर 'सेन' या मुक्त प्रणालीच्या साह्याने आजही चालतात.